स्पोर्ट आणि वर्किंग डॉग्जचं कंडिशनिंग – तुमचा आठवडा कसा असतो?

दुडकी

बरेच दिवस हा धागा काढायचा होता. इथे कुत्र्यांच्या खाण्यावर, लसींवर, केस गळण्यावर ढीगभर चर्चा आहे पण जी कुत्री स्पर्धेत उतरतात (ॲजिलिटी म्हणजे अडथळ्यांची शर्यत, आयजीपी म्हणजे माग काढणं, आज्ञापालन आणि रक्षण यांची परीक्षा, कॅनिक्रॉस म्हणजे माणसाला ओढत पळणं, ल्युअर कोर्सिंग म्हणजे खोट्या सावजामागे धावणं) किंवा खरोखरचं काम करतात, म्हणजे शोधपथकातली, स्निफर, मेंढ्या वळवणारी, त्यांच्या व्यायामाबद्दल एका जागी काहीच सापडत नाही. म्हणून सुरुवात करते, भर घाला, भांडा.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्यातले बहुतेक जण स्किलची प्रॅक्टिस करतात आणि तिलाच व्यायाम समजतात. आठवड्यातून चारदा ॲजिलिटीचा कोर्स पळवला, रोज बॉल फेकला, झालं कंडिशनिंग. कुत्रं दमलं म्हणजे फिट झालं हे समीकरण कुठून आलं कोण जाणे. बॉल फेकून अर्ध्या तासात कुठलंही कुत्रं आडवं करता येतं, पण त्यात होतं काय तर एकदम भरधाव, एकदम ब्रेक, गर्रकन वळण, आणि ते सगळं बहुतेक वेळा एकाच बाजूला आणि थंड स्नायूंवर. नुसतं उभं असताना सुद्धा कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, मग ब्रेक मारताना खांद्यांवर काय येत असेल विचार करा.

आमच्या बॉर्डर कॉलीचा सीझनमधला आठवडा साधारण असा. दोन दिवस लांब, संथ, सलग दुडकी चाल, मऊ जमिनीवर. एक दिवस चढ, म्हणजे टेकाडावर वर दुडकत किंवा पळत आणि खाली येताना चालत, पट्टा लावून. दोन दिवस ताकद आणि तोलाचे व्यायाम, तेही दहा पंधरा मिनिटंच. ॲजिलिटीची प्रॅक्टिस आठवड्यात दोनदा, त्यातही पूर्ण उंचीच्या उड्या एकदाच, दुसऱ्यांदा बार (उडीची आडवी काठी) खाली आणि लक्ष फक्त वळणांवर. एक दिवस पूर्ण सुट्टी, फक्त हुंगत फिरायचं. स्पर्धा असेल त्या आठवड्यात सगळं निम्मं. सीझन संपला की काही आठवडे उड्या बंद, फक्त चालणं पोहणं मजा.

शंकासुर

मस्त धागा. आमचं कुत्रं अजून स्पर्धेबिर्धेत नाही पण उतरवायचा विचार आहे त्यामुळे प्रश्न येतच राहतील, सांभाळून घ्या. पहिला प्रश्न: दुडकी चालीचं एवढं काय कौतुक? पळवलं तर जास्त व्यायाम नाही का होणार?

धावपट्टी

@शंकासुर, दुडकीत तिरके पाय जोडीने पडतात, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र, मग उलट. त्यामुळे दोन्ही बाजूंना सारखं काम होतं, कुठला पाय वाचवता येत नाही. भरधाव पळताना प्रत्येक कुत्र्याची एक आवडती बाजू असते आणि दुखरा पाय बेमालूम लपवता येतो. म्हणून तर व्हेट लोक लंगडणं बघायला कुत्र्याला दुडकवतात, पळवत नाहीत.

आणि एक बघत जा. दुडकता दुडकता कुत्रं एकाच बाजूचे दोन्ही पाय एकत्र टाकायला लागलं, उंटासारखं डुलत, तर त्याला पेसिंग म्हणतात. काही कुत्र्यांची ती सवय असते, पण एरवी नीट दुडकणारं कुत्रं सेशनच्या शेवटी पेस करायला लागलं तर ते थकलंय किंवा कुठेतरी दुखतंय. तिथे थांबायचं, अजून एक चक्कर वगैरे नाही.

रानभैरी

धागा चांगलाय पण एवढं मोजून मापून करायचं म्हणजे कुत्रं आहे की ऑलिम्पिकचा खेळाडू? आमचं मॅलिनॉइस दहा महिन्यांचं आहे, सायकलच्या बाजूने रोज दहा किलोमीटर पळतं, डांबरी रस्त्यावर, आणि घरी येऊन परत उड्या मारतं. त्याला आयजीपीला उतरवायचंय, एडी ही दमाची टेस्टच २० किलोमीटरची असते, आत्तापासून सवय नको का?

व्हेटताई

@रानभैरी, थांबा जरा. दहा महिन्यांच्या पिल्लाला डांबरी रस्त्यावर रोज दहा किलोमीटर हे मला अजिबात पटत नाही, स्पष्टच सांगते.

लांब हाडांच्या टोकांना ग्रोथ प्लेट असतात, तिथे हाड वाढत असतं आणि तो भाग कच्चा असतो. मध्यम आकाराच्या कुत्र्यात त्या साधारण वर्षाच्या आसपास बंद होतात, मोठ्या जातींत दीड वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. तोपर्यंत सक्तीचा, एकसुरी, कडक जमिनीवरचा व्यायाम नको. सक्तीचा हा शब्द महत्त्वाचा. पिल्लू मोकळं सोडलं की पळतं, थांबतं, हुंगतं, बसतं, परत पळतं. सायकलला बांधलेलं पिल्लू थांबू शकत नाही. आणि मॅलिनॉइस तर पाय मोडला तरी पळेल, त्यामुळे "घरी येऊन परत उड्या मारतं" हा कसलाच पुरावा नाही.

हे मनाचं सांगत नाही. नॉर्वेमध्ये न्यूफाउंडलंड, लॅब्राडोर, लिओनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा जन्मापासून मागोवा घेतला होता, २०१२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या उतरणाऱ्या पिल्लांत हिप डिस्प्लेशियाचा (खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा) धोका जास्त दिसला, आणि मोकळ्या, मऊ, उंचसखल जमिनीवर पट्ट्याशिवाय फिरणाऱ्यांत कमी. म्हणजे पिल्लाला कापसात ठेवा असं कोणी म्हणत नाहीये. फक्त व्यायाम कसला ते बघा.

आणि कोणीतरी आता "महिन्याला पाच मिनिटं" वाला नियम आणेलच, म्हणजे चार महिन्यांच्या पिल्लाला वीस मिनिटं वगैरे. त्याच्यामागे ठोस अभ्यास नाहीये, पट्ट्यावरच्या चालण्यापुरता अंदाज म्हणून ठीक आहे.

रानभैरी

बरं ताई, ऐकलं. पण मग एडीची तयारी कधी करायची? वय वाढेपर्यंत नुसतं हुंगत फिरवू?

चार_पाय_एक_मी

रानभैरी, आम्ही एडी केलीय म्हणून सांगतो. एक तर नियमातच किमान वय १६ महिने आहे, त्यामुळे घाई करून मिळणार काही नाही. दुसरं म्हणजे २० किलोमीटर सलग नसतात. ताशी १२ ते १५ किलोमीटरने जायचं, पहिल्या ८ किलोमीटरनंतर १५ मिनिटं विश्रांती, मग पुढच्या ७ नंतर २० मिनिटं, मग उरलेले ५. विश्रांतीत जज कुत्र्याचे पंजे बघतो, पायाच्या गाद्या सोलल्या असतील तर पुढे जाऊ देत नाही. खूप जण तिथेच बाद होतात, दमामुळे नाही तर गाद्यांमुळे, कारण आयुष्यभर गवतावर पळवलेलं आणि परीक्षेला रस्त्यावर. गाद्या टणक व्हायला वेळ लागतो, थोडं थोडं कडक जमिनीवर न्यावंच लागतं, पण वाढ पूर्ण झाल्यावर.

तयारी अशी केली की आधी काही आठवडे नुसतं वेगाने चालणं, मग सायकलबरोबर दोन तीन किलोमीटर दुडकी, आठवड्यात तीनदाच, मधे एक दिवस सोडून. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात परत कमी करायचं. हे कमी करणं लोक विसरतात. स्नायू आणि दम काही आठवड्यांत वाढतो, पण टेंडन, लिगामेंट आणि हाडं फार सावकाश तयार होतात, त्यामुळे कुत्रं ऐन जोशात असतं आणि नेमका तेव्हाच पाय जातो.

आणि आयजीपीत (२०१९ पर्यंत आयपीओ म्हणायचे तेच) दम हा प्रश्न नसतोच मुळी. एक मीटरची उडी, १८० सेंटीमीटरची तिरकी भिंत, आणि बाइट वर्कमध्ये (चावून धरण्याच्या भागात) स्लीव्हवर, म्हणजे माणसाच्या हातावरच्या जाड बाहीवर, पूर्ण वेगाने आदळणं. मान, पाठ, खांदा याची ताकद आहे का ते बघा. आणि हेल्पर, म्हणजे ती स्लीव्ह घालणारा माणूस, चांगला शोधा. कुत्र्याला नीट झेलणारा, अंगाबरोबर फिरवून जोर जिरवणारा हेल्पर नसेल तर घरी केलेल्या सगळ्या व्यायामावर एका दिवसात पाणी पडतं. भिंतीवरून खाली उतरणं रोज करायची काही गरज नाही. टेक्निक खालच्या उंचीवर शिकवता येतं.

खारूताई

अनुमोदन. वाचनखूण साठवली.

ताकदीचे व्यायाम म्हणजे नक्की काय हे कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते, महागडी साधनं नको आहेत, बॅलन्स बॉल, फुगीर डिस्क वगैरे नंतर, आधी जमिनीवर नीट होऊ दे.

बसून उभं राहणं: कुत्रं सरळ, दोन्ही गुडघे आत घेऊन नीटनेटकं बसलं पाहिजे, एका कुल्ल्यावर कललेलं नाही, आणि पुढचे पाय न हलवता उठलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, बहुतेक कुत्री पुढे पाऊल टाकूनच उठतात म्हणजे मागच्या पायांचं काम टाळतात. उभ्यावरून खाली बसताना घडी घातल्यासारखं मागे जात जात झोपणं आणि तसंच उलटं उठणं, हा पोट आणि पाठीसाठी. उलटं चालणं, सरळ रेषेत, हा मागच्या पायांसाठी माझा सगळ्यात लाडका, कारण बऱ्याच कुत्र्यांना आपल्याला मागे दोन पाय आहेत हेच माहीत नसतं. मग पुढचे पाय बुटक्या फळीवर ठेवून मागच्या पायांनी गोल फिरणं, दोन्ही बाजूंना.

कॅव्हेलेटी पण. जमिनीपासून थोड्याशाच उंचीवर आडव्या काठ्या, सारख्या अंतरावर, कुत्र्याने चालत किंवा दुडकत जायचं, उडी नाही. काठ्यांमधलं अंतर सुरुवातीला साधारण कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढं ठेवून बघा आणि त्याच्या पावलाप्रमाणे कमीजास्त करा. काठीला पाय लागायला लागले की थांबायचं.

प्रत्येक व्यायाम तीन चार वेळाच पण नीट. पाचव्याला पाठ वाकडी व्हायला लागली की ते पाचवं मोजूच नका, चुकीची सवय लागते. आणि रोज नाही, एक दिवसाआड.

नाकपुडी

शोधकामाच्या कुत्र्यांबद्दल थोडं. लोकांना वाटतं नाकाचं काम म्हणजे शांत काम, फिटनेस कशाला. उलट आहे. कुत्रं हुंगतं तेव्हा सेकंदाला पाचेक वेळा छोटे छोटे श्वास नाकाने घेतं. धापा टाकताना तोंड उघडं, हवा तोंडातून. दोन्ही गोष्टी एकाच वेळी नीट होत नाहीत. म्हणजे जे कुत्रं दहा मिनिटांत धापायला लागतं त्याचं नाक त्या क्षणापासून अर्धवेळ झालं. तुम्ही हँडलर म्हणून समजता "इथे काही नाही" आणि खरं म्हणजे कुत्र्याने हुंगलेलंच नसतं.

म्हणून आम्ही दमाचा व्यायाम आणि शोधाचा सराव वेगळे ठेवतो, आणि अधूनमधून मुद्दाम जोडतो. म्हणजे दुडकवून, थोडं धापत असताना, लगेच छोटासा सोपा शोध लावायचा. कुत्रं शिकतं की तोंड मिटायचं आणि हुंगायचं. सापडलं की जंगी बक्षीस. हळूहळू कठीण करत जायचं.

ढिगाऱ्यावर काम करणाऱ्या कुत्र्यांचं आणखी वेगळं. तिथे वेग नकोच, हलत्या, टोकदार, सरकत्या पृष्ठभागावर चार पाय चार ठिकाणी नीट ठेवता आले पाहिजेत. आडवी शिडी जमिनीजवळ ठेवून दांड्यांवरून चालवणं, डुगडुगती फळी, पोत्यांचा ढीग, अंधारी नळी, सगळं संथ. जो कुत्रा ढिगाऱ्यावर उड्या मारत सुटतो तो व्हिडिओत भारी दिसतो, कामाला धोक्याचा.

शंकासुर

नाकपुडी, हे डोक्यातच आलं नव्हतं कधी.

पुढचा प्रश्न. ग्रेहाउंड आणि स्लेड डॉग (बर्फावरून गाडी ओढणारी कुत्री) दोघंही पळतात मग दोघांचा व्यायाम सारखा असतो का?

धावपट्टी

आता माझ्या आवडीचा विषय काढलात :)

ग्रेहाउंड ताशी ६५ किलोमीटरच्या वर जातो पण शर्यत असते साधारण अर्ध्या मिनिटाची. त्याचं भरधाव पळणं बघा स्लो मोशनमध्ये, एका झेपेत दोनदा चारही पाय हवेत असतात, एकदा अंग आखडलेलं असताना आणि एकदा ताणलेलं असताना. पाठीचा कणा स्प्रिंगसारखा वापरतो. रक्तात लाल पेशींचं प्रमाण पण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, इतकं की ग्रेहाउंड फारसे न पाहिलेल्या डॉक्टरला रिपोर्ट बघून डिहायड्रेशन वाटावं. अशा कुत्र्याला रोज दहा किलोमीटर पळवून काय मिळणार? त्याला आठवड्यात एक दोन वेळा पूर्ण जोराची छोटी धाव, मधे भरपूर विश्रांती, बाकीचे दिवस चालणं. आणि दोन धावांमध्ये श्वास पूर्ण जागेवर आल्याशिवाय दुसरी धाव नाही. थंड स्नायूंवर जोराची धाव म्हणजे स्नायू फाटण्याला आमंत्रण. आणि जोराच्या धावेनंतर लघवी गडद तपकिरी दिसली, कुत्रं अकडून चालतंय, तर घरी चोळत बसू नका, स्नायू मोडून त्यातला रंग किडनीतून चाललाय, सरळ डॉक्टर.

स्लेड डॉग हे दुसरं टोक. अलास्कातली इडिटारॉड शर्यत, १९७३ पासून अँकरेज ते नोम, साधारण १६०० किलोमीटर, जिंकणारे संघ आठ ते दहा दिवसांत पोचतात. ती कुत्री शर्यतीत दिवसाला दहा हजार कॅलरीच्या घरात खातात आणि त्यात चरबी प्रचंड, कारण कुत्र्याचं शरीर लांब पल्ल्याला मुख्यतः चरबीवर चालतं. माणसांचं कार्ब लोडिंग उचलून कुत्र्याला लावू नका. ट्रेनिंग शरद ऋतूत सुरू होतं, बर्फ पडायच्या आधी, चारचाकी एटीव्ही कमी गिअरमध्ये ठेवून कुत्र्यांना ओढायला लावतात, वेग कमी, ओढणं जास्त, अंतर थोडं. मग महिनोन् महिने वाढवत नेतात. आणि शर्यतीत जवळजवळ जेवढा वेळ पळतात तेवढाच वेळ झोपतात. विश्रांती हा ट्रेनिंगचाच भाग आहे, आपल्याकडे तीच सगळ्यात आधी कापली जाते.

तुमचा खेळ ह्या दोन टोकांच्या मधे कुठे आहे ते आधी ठरवा. ॲजिलिटीचा राउंड मिनिटभराचा सुद्धा नसतो. मेंढ्या वळवणारी कॉली दिवसभर काम करते पण त्यात दबकणं, थांबणं, मधेच झपाट्याने वळसा घालणं असं सगळं मिसळलेलं.

व्हेटताई

उष्णतेबद्दल कोणी बोललंच नाही अजून, आणि कामाची कुत्री त्यानेच जातात.

कुत्र्याचं नॉर्मल तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. घाम जवळजवळ नाहीच, पंजांना थोडासा, बाकी सगळं धापेवर. जोराच्या कामानंतर धडधाकट कुत्र्याचं तापमान सुद्धा १०५-१०६ पर्यंत जाऊ शकतं आणि तरी ते ठणठणीत असतं, म्हणून नुसता आकडा बघून घाबरू नका आणि नुसता आकडा बघून निश्चिंतही होऊ नका. कुत्र्याकडे बघा. जीभ लांब, टोकाला रुंद पसरलेली, डोळे बारीक झालेले, सावली शोधतंय, हाक मारली तर उशिरा बघतंय, वळताना मागचा भाग डुलतोय, बॉल घेऊन येताना मधेच टाकला. यातलं काही दिसलं की काम बंद. उलटी, अडखळणं, पडणं ही इमर्जन्सी.

त्या वेळी आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. पूर्ण अंग पाण्याने भिजवा, टबात बसवता येत असेल तर उत्तम, वारा घाला, शुद्धीत असेल तर पिऊ द्या. "थंड पाणी घालू नका, धक्का बसेल" हा सल्ला जुना झाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली गरम हवा कोंडते. आणि लक्षात ठेवा की काम थांबल्यावर सुद्धा काही मिनिटं तापमान वाढतच राहतं, त्यामुळे धापतं कुत्रं लगेच बंद गाडीत किंवा पिंजऱ्यात ठेवणं सगळ्यात वाईट.

एक छान गोष्ट, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वर्किंग डॉग सेंटरमध्ये कुत्र्यांना पाण्याच्या भांड्यात स्वतःहून डोकं बुडवायला शिकवलं, तळाशी खाऊ किंवा खेळणं ठेवून. २०२४ मध्ये त्यांनी छापलं की व्यायामानंतर तापमान वाढणं रोखायला ते ओल्या टॉवेलपेक्षा आणि मानेवर कोल्ड पॅक ठेवण्यापेक्षा चांगलं ठरलं. शिकवायला सोपं आहे, पण थंड डोक्याने आधी शिकवून ठेवा, धापत असताना पहिल्यांदा नाही, नाकात पाणी जाईल.

आणि लॅबवाल्यांनो, तुमचं कुत्रं जोराच्या खेळात पाच पंधरा मिनिटांत मागच्या पायांनी लटपटायला लागत असेल तर त्याला आळशी म्हणू नका. एक्सरसाइज इंड्यूस्ड कोलॅप्स नावाचा आनुवंशिक आजार आहे, २००८ मध्ये त्याचं जीन सापडलं, डीएनए टेस्ट होते. त्यात व्यायामाने स्टॅमिना "वाढवायला" जाल तर जीवावर बेतू शकतं. बॉर्डर कॉलीतही असंच कोसळणं दिसतं पण तो प्रकार वेगळा आहे, त्याला ही टेस्ट चालत नाही.

मुक्काम_पोस्ट

सगळं वाचलं. माझा दोन आण्यांचा मुद्दा वजनाचा. स्पर्धांना जातो तिथे निम्मी कुत्री जाड असतात आणि मालक म्हणतात मसल आहे मसल. बरगड्या हाताला लगेच लागल्या पाहिजेत, वरून बघताना कंबर दिसली पाहिजे, बास. एक जुना अभ्यास आहे, ४८ लॅब्राडोर, जोड्या लावून आयुष्यभर पाहिले, एकाला जेवढं त्याच्यापेक्षा जोडीदाराला २५ टक्के कमी खायला. २००२ मध्ये निकाल आले, कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि सांधे पण उशिरा बिघडले. कुठलंही जॉइंट सप्लिमेंट घ्या, ह्याच्या जवळ येणार नाही (सप्लिमेंटवाले येतील आता भांडायला).

जेवण कामाच्या आधी भरपेट नको, काही तास आधी किंवा नंतर, कुत्रं पूर्ण शांत झाल्यावर. खोल छातीच्या मोठ्या जातींत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, त्यांना दिवसाचं एकच मोठं जेवण देण्यापेक्षा विभागून द्या, आणि गिळणाऱ्याला हळू खायची भांडी.

पाणी मात्र कामाच्या मधे मधे थोडं थोडं. काही कुत्री जोशात पाण्याकडे बघत पण नाहीत, त्यांना पाण्यात किंचित चव घालून द्यायची सवय लावा. आणि पाण्यातून बॉल आणायचा खेळ तासभर चालू ठेवू नका, दर वेळी पोटात पाणी जातं आणि अति पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून कुत्री दगावलेली आहेत.

दुडकी

वा, धागा मस्त चाललाय. वॉर्म अपबद्दल लिहायचं राहिलं होतं. गाडीतून काढलं आणि रिंगमध्ये सोडलं हे बघून मला दर वेळी धडकी भरते. पाच मिनिटं वेगाने चालणं, मग तेवढीच दुडकी, मग दोन्ही बाजूंनी मोठे गोल, लहान गोल, उलटं चालणं, पुढचे पाय ताणून वाकणं, शेवटी दोन तीन बुटक्या उड्या आणि एक छोटी जोराची धाव. थंड अंगाला हाताने ओढून ताणायचं नाही. तुमच्या नंबराला उशीर झाला तर परत दोन मिनिटं दुडकवा, अंग लगेच गार पडतं. राउंड झाल्यावर लगेच पिंजऱ्यात नाही, श्वास जागेवर येईपर्यंत चालवायचं.

शंकासुर

शेवटचा प्रश्न, म्हणजे आजचा शेवटचा. आमच्या ओळखीतलं एक ॲजिलिटीचं कुत्रं हल्ली बार पाडतंय, वीव्ह पोलमधून (ओळीने उभ्या काठ्या, ज्यांतून नागमोडी जायचं) मधेच बाहेर पडतंय. ट्रेनर म्हणतो ट्रेनिंग कमी पडतंय, जास्त सराव करा. घरी एकदम ठीक चालतं. काय असेल?

व्हेटताई

न बघता सांगता येणार नाही, पण नीट येणारी गोष्ट कुत्रं अचानक करेनासं झालं तर आधी दुखणं शोधायचं, ट्रेनिंग नंतर. बार पाडणं, वीव्ह सोडणं, मागची पावलं आखूड पडणं, गाडीत उडी मारायला कुरकुर, यात इलिओसोआस नावाचा मांडीच्या आतून कमरेकडे जाणारा स्नायू ताणलेला असणं खूप कॉमन आहे. जोशात असताना अजिबात दिसत नाही. सकाळी उठल्यावर, गार असताना, बाजूने दुडकताना मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. आणि हा स्नायू एकटाच बिघडलेला असेल असं नाही, गुडघा किंवा खुबा आधी दुखत असतो आणि हा बिचारा जास्तीचं काम करून ताणला जातो. त्यामुळे ऑर्थोपेडिक तपासणी हवीच.

परत आणताना क्रम असा: पट्ट्यावर संथ चालणं, मग लांब चालणं, मग ताकदीचे सोपे व्यायाम, मग दुडकी, मग सौम्य चढ, मग बुटक्या उड्या. बॉल आणि इतर कुत्र्यांबरोबर मोकळी पळापळ सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, उड्या बंद ठेवतात आणि बागेत बॉल चालू.

चार_पाय_एक_मी

त्यात भर, नखं बघायला सांगा. वाढलेली नखं जमिनीला टेकतात, पंजा मागे झुकतो, पकड जाते आणि वळताना बोट दुखावतं. फुकटात होणारी दुरुस्ती आहे.

रानभैरी

सायकल बंद केली आहे, व्हेटताईंचा धसका घेतला :D सध्या शेतात मोकळं सोडतो आणि खारूताईंचं ते उलटं चालणं सुरू केलंय. खरंच मागचे पाय कुठे आहेत त्याला पत्ताच नाही, भिंतीला जाऊन धडकतो.

पुढे वाढ पूर्ण झाल्यावर सायकलला कुठला हार्नेस घ्यावा? सगळे छातीवरून आडवा पट्टा असलेले दाखवतात.

धावपट्टी

छातीवरून आडवा जाणारा नको. तो खांद्याच्या सांध्यासमोर येतो आणि पाय पुढे टाकताना अडतो. पुढून वाय आकाराचा घ्या, छातीच्या हाडावर टेकणारा, काखेच्या मागे चार बोटं जागा सोडणारा. बाजूने पळायला तेवढा पुरे. उद्या कॅनिक्रॉससाठी ओढायला लावणार असाल तर मात्र ओढायचा हार्नेस वेगळा येतो, शेपटीच्या मुळाशी दोरी जोडायचा, तो बाजूने पळायला वापरू नका. घालून एकदा दुडकवून व्हिडिओ काढा आणि हार्नेस न घालता एकदा, पुढच्या पायाची पावलं सारखीच लांब पडतायत का बघा. आखूड पडत असतील तर तो परत करा.